हृदयविकार, पक्षाघात आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हळदीकुंकू, गाणी आणि फराळ यांच्या मध्ये एका डॉक्टरीणबाईला उभे करून रोगाविषयी बोलायला सांगणे हे धाडसच आहे. ते चिटणीसबाईंनी केले याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी मला विषय दिला तो असा, की हृदयविकार आणि पक्षाघात हे रोग कोणाला होतात आणि का होतात. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरासाठी वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षे देशोदेशी हिंडावे लागले आहे. त्या हिंडण्याची हकीकत मी आज आपल्याला सांगणार आहे. "हे खा, ते खाऊ नका" अशी यादी आपल्यापैकी पुष्कळजणींना पाठच आहे. यादी पाठ असून घरात काही बदलत नाही, याचे कारण असे की तिच्यामागचे कारण आपल्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून मी कारणापासून आरंभ करते.

हृदयातून शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या ज्या नळ्या, त्यांना रोहिण्या म्हणतात. लहानपणी त्या रबरासारख्या लवचीक असतात. पुढे त्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर बसू लागतो. हे काम वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. दुखत नाही, खुपत नाही. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत असे झाले तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या रोहिणीत झाले, किंवा वाढलेल्या रक्तदाबाने ती रोहिणी फुटली, तर पक्षाघात होतो. त्याला आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो. तात्पर्य, हे दोन रोग म्हणजे एकाच घरातल्या दोन जावा आहेत. स्वभाव थोडे वेगळे, पण चूल एकच.

या रोगांविषयी आपल्याकडे तीन समजुती फार पक्क्या आहेत. पहिली, हा घराण्याचा रोग आहे. दुसरी, हा वयाचा रोग आहे. आणि तिसरी, हा पुरुषांचा रोग आहे. या तिन्ही समजुती देशोदेशीच्या अनुभवाला घासून पाहू.

पहिली समजूत घराण्याची. "आमच्याकडे सासऱ्यांना होता, दिरांना होता, तेव्हा यांना व्हायचाच," असे आपण म्हणतो. यात थोडे तथ्य आहे हे मी आधीच सांगते. वडिलांना किंवा भावाला पंचावन्न वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हा विकार झाला असेल, तर आपण अधिक सावध राहिलेच पाहिजे. परंतु रक्तातच सर्व काही असते, तर माणूस कोठेही जाऊन राहिला तरी त्याचा रोग बदलता कामा नये. हे पाहण्याची एक सोय इतिहासानेच करून ठेवली होती. जपानातील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी हवाई बेटांत आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात जाऊन राहिली होती. 1965 च्या सुमारास संशोधकांनी हिरोशिमा-नागासाकीचे रहिवासी, होनोलुलूचे जपानी आणि सॅन फ्रान्सिस्कोकडचे जपानी अशा तिघांची तुलना सुरू केली. वंश एकच. परंतु हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियात सर्वांत अधिक आढळला. पक्षाघाताचे मात्र नेमके उलटे. तो मायदेशी जपानातच अधिक होता. म्हणजे समुद्र ओलांडताना त्या लोकांनी एक रोग मागे टाकला आणि दुसरा उचलला. रक्त तेच राहिले. ताट, काम आणि राहणी बदलली.

असाच दाखला आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये रक्तदाबाचे प्रमाण फार, म्हणून तो त्यांच्या वंशाचाच दोष असावा, असे बरेच दिवस मानले जाई. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीजची बेटे आणि अमेरिका अशा तीन ठिकाणी त्याच वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला. आफ्रिकेत तो शंभरात सोळा जणांना, बेटांत सव्वीस जणांना आणि अमेरिकेत तेहतीस जणांना वाढलेला आढळला. वंश दोषी असता तर हा जिना कशाला चढला असता ?

आता पाश्चात्त्यांकडे पाहू. अमेरिकेचे अॅन्सेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांतील चाळीस ते एकोणसाठ वर्षांच्या बारा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी आरंभली. हृदयविकाराने सर्वांत अधिक मरण पूर्व फिनलंडमध्ये निघाले. ही माणसे आळशी होती काय ? मुळीच नाही. जंगलतोड आणि शेती करणारे धट्टेकट्टे लोक. परंतु लोणी, सायीचे दूध आणि मीठ यांची ताटात रेलचेल, आणि ओठांत सिगारेट. उलट ग्रीसच्या क्रीट बेटावरचा शेतकरी भाज्या, कडधान्ये, पाव आणि ऑलिव्हचे तेल यांवर राहणारा. त्याच्याकडे हा विकार अगदी थोडा. मेहनत चांगली, पण केवळ मेहनतीने ताटातले सर्व दोष धुऊन जात नाहीत, हे पूर्व फिनलंडने दाखवले.

मेहनतीची बाजूही मांडली पाहिजे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध केला. पगार, वस्ती, खाणेपिणे जवळपास सारखे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. आपल्या सोसायटीच्या लिफ्टपाशी उभे राहताना हे कंडक्टर आठवावेत.

या सर्व धाग्यांचे एक वस्त्र विणले गेले ते 2004 मध्ये. डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली बावन्न देशांत, पहिला झटका आलेले सुमारे पंधरा हजार रोगी आणि जवळपास तितकीच निरोगी माणसे यांची तुलना झाली. निष्कर्ष असा निघाला, की चिनी असो, अरब असो, युरोपीय असो वा भारतीय, मुख्य कारणे तीच नऊ. तंबाखू, रक्तातील अपायकारक चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, रोजच्या आहारात फळेभाज्या नसणे, अंगमेहनत नसणे, आणि नववे मद्याविषयीचे. या शेवटच्या बाबतीत त्या वेळी थोडे मद्य बरे असे दिसले होते. आज मात्र प्रकृतीसाठी म्हणून मद्य घ्या असे सांगता येत नाही. या नऊ गोष्टींनी पुरुषांतील नव्वद टक्के आणि स्त्रियांतील चौऱ्याण्णव टक्के धोक्याचा उलगडा झाला. म्हणजे हे आपले नवग्रहच. मात्र यांची शांत करायला जोशीबुवा लागत नाहीत.

पक्षाघाताचाही असाच अभ्यास बत्तीस देशांत झाला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दहा कारणांत नऊ-दशांश धोका सामावला, आणि एकट्या रक्तदाबाचा वाटा जवळजवळ निम्मा निघाला. देशपरत्वे प्रत्येक कारणाचा वाटा कमीजास्त होतो. कोठे मीठ पुढे, कोठे तंबाखू, कोठे मधुमेह. पण कारणे तीच. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्यातला प्रकार.

आता दुसरी समजूत, वयाची. "साठी उलटली, प्रेशर वाढायचेच," असे आपण सहज म्हणतो. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात बत्तीस देशांतील बावन्न ठिकाणी लोकांचे मीठ आणि रक्तदाब मोजले होते. त्यांत ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी जमात होती. त्यांच्या अन्नात मीठ जवळजवळ नसतेच. त्या लोकांत रक्तदाब तरुणपणी जेवढा, तेवढाच उतारवयातही. वयाबरोबर तो वाढत नाही. आपल्याला काही अरण्यात जायचे नाही. पण वाढता रक्तदाब हा वयाचा हक्क नव्हे, एवढे यावरून समजावे.

वयाची ही समजूत आपल्याला तर विशेषच महाग पडते. मघाच्या बावन्न देशांच्या अभ्यासात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या भागांतील लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आला. इतर देशांत तो सुमारे एकोणसाठाव्या. पाच-सहा वर्षांचे हे अंतर संसाराच्या दृष्टीने पाहा. त्रेपन्नाव्या वर्षी मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलाचे शिक्षण चालू असते, घराचे कर्ज फिटायचे असते.

हे असे का ? परदेशी गेलेल्या भारतीयांत हा विकार शेजाऱ्यांपेक्षा अधिक दिसतो, ही गोष्ट 1959 मध्येच सिंगापूरच्या डॉक्टरांनी नोंदली होती. पुढे 1991 मध्ये लंडनच्या साउथॉल भागातील पाहणीतून पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेहाकडे झुकणारे शरीर यांकडे बोट दाखवले गेले. या कोड्याचा एक मोठा भाग उलगडला तो आपल्या पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. गंमत अशी, की आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बाहेरून हडकुळे, आतून चरबीदार.

याच डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचाही निर्देशांक 22.3. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगतो आणि एकाविषयी चुकीचे सांगतो. म्हणून आपल्यासाठी काट्याइतकीच शिवणाच्या डब्यातली टेप महत्त्वाची. आपल्याकडील स्त्रीच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. पुरुषाचा नव्वद सेंटिमीटरच्या. "मी कुठे जाड आहे ?" असे म्हणणाऱ्या बारीक अंगाच्या आणि सुटलेल्या पोटाच्या पुष्कळजणी मी तपासते. त्यांचा मधुमेह त्यांच्या जाड जावेपेक्षा आधी निघालेला असतो.

या पुण्याच्या अभ्यासात आपल्याला विचार करायला लावणारी एक गोष्ट आहे. बाळाच्या पुढच्या आयुष्यातील रोगाची तयारी काही अंशी आईच्या पोटातच होते. जी सून सर्वांना वाढून उरलेसुरले खाते, जी मुलगी भावाच्या वाटीतले दूध पाहते पण मागत नाही, तिच्या ताटातली ती उणीव चाळीस-पन्नास वर्षांनी तिच्या मुलाच्या रोहिणीत दिसू शकते. मुलींना पोटभर आणि सकस जेवू घालणे हा हृदयविकारावरचाच उपाय आहे.

आता तिसरी समजूत, हा पुरुषांचा रोग. ती कशी रुजली हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात 1948 मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात 5,209 माणसे होती, आणि त्यांतील 2,873 स्त्रिया होत्या. परंतु मघाशी सांगितलेली सात देशांची पाहणी फक्त पुरुषांची. जपानी स्थलांतरितांची तुलनाही पुरुषांचीच. बसचे ड्रायव्हर-कंडक्टर तर पुरुषच. शास्त्राने ज्यांच्याकडे पाहिले, त्यांचाच तो रोग ठरला. वास्तविक जगात स्त्रियांच्या दर तीन मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू हृदयाच्या आणि रोहिण्यांच्या विकारांनी होतो. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, एवढाच फरक. उशिरा येतो, म्हणून येतच नाही असे वाटते. शिवाय रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही स्त्रीच्या हृदयाला पुरुषाच्या मानाने अधिक नडतात, असे त्या बावन्न देशांच्या अभ्यासात दिसले.

स्त्रियांची काही कारणे तर खास त्यांचीच. गरोदरपणी रक्तदाब वाढून अंगावर सूज आली, लघवीतून प्रथिने गेली, किंवा त्या काळात साखर वाढली, तर बाळंतपणानंतर ते सगळे मिटले असे आपण समजतो. तसे ते मिटत नाही. अशा स्त्रीला पुढे हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका अधिक असतो, आणि तिने दरवर्षी रक्तदाब आणि साखर तपासलीच पाहिजे. पाळी फार लवकर गेली तरी तसेच. आणि मिश्री ! आमच्या घरात कोणी तंबाखू खात नाही असे सांगणाऱ्या घरात सासूबाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांतून ती रक्तात जाते. दात स्वच्छ करायला तंबाखू लागत नाही.

माझ्या दवाखान्यात रोज दिसणारे एक दृश्य सांगते. यजमानांना तपासायला घेऊन बाई येतात. यजमानांची फाइल त्यांच्या पिशवीत. कोणती गोळी केव्हा, मागच्या महिन्यात रक्तदाब किती, साखर उपाशीपोटी किती, सारे तोंडपाठ. मी विचारते, "तुमचा रक्तदाब किती ?" त्या हसतात. "माझे काय, मी ठणठणीत आहे." मी पट्टी बांधते आणि आकडा निघतो 170 वर 100. पूर्वी कधी मोजला होता म्हणाल, तर धाकट्याच्या बाळंतपणात. तो धाकटा आता नोकरीला लागलेला असतो. ही एक बाई नव्हे. अशा मी इतक्या पाहिल्या आहेत, की आता यजमानांच्या आधी बाईंनाच खुर्चीवर बसवते.

आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी सुमारे पस्तीस टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आहे. या सभागृहात आज बसलेल्या दर तिघींपैकी एकीविषयी मी बोलत आहे, असे समजायला हरकत नाही.

चित्र पालटू शकते काय ? दोन ठिकाणी पालटले, आणि दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघराचा हात होता.

जपानात 1951 ते 1980 पर्यंत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हे होते. ईशान्येकडील अकिता प्रांतात तर कहरच. तेथे हिवाळा कडक; भाज्या, मासे मिठात मुरवून ठेवायचे आणि वर्षभर खायचे. माणशी रोजचे मीठ वीस ग्रॅमच्याही वर जाई. त्या प्रांतातील इकावा या गावात 1963 पासून गावकऱ्यांचे रक्तदाब नियमाने मोजायला आरंभ झाला. ज्यांचा वाढलेला, त्यांना औषध सुरू झाले, आणि सूप-लोणच्यांतले मीठ कसे कमी करावे हे शिकवले गेले. देशभर अशी कामे झाली. काही दशकांत जपानातील पक्षाघाताचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले.

दुसरे ठिकाण तेच पूर्व फिनलंड, जेथे हृदयविकार सर्वांत अधिक होता. तेथील उत्तर कारेलिया प्रांताच्या लोकांनी 1971 मध्ये सरकारकडे अर्ज केला की आमची तरुण माणसे मरत आहेत, काही करा. पुढच्याच वर्षी डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या हाती काम सोपवले गेले. डॉक्टर गावोगाव फिरले. पण घरात शिरायचे तर गृहिणींची ओळख हवी. फिनलंडमध्ये 1899 पासून मार्था नावाची गृहिणींची संघटना आहे; आपल्या मंडळांसारखीच म्हणा. या मार्थाबाईंनी गावोगाव "दीर्घायुष्याच्या संध्याकाळी" भरवल्या. एक छोटे भाषण व्हायचे, आणि मग कमी चरबीचे, कमी मिठाचे, भाज्या घातलेले नेहमीचेच पदार्थ तिथे रांधून सर्वांना वाढायचे. लोकांनी चव घेतली आणि म्हणाले, हे तर खाण्यासारखे आहे ! लोण्याची जागा वनस्पतिजन्य तेलाने घेतली, सायीच्या दुधाची साय काढलेल्या दुधाने. तंबाखूविरोधी कायदाही 1976 मध्ये झाला. चाळीस वर्षांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाले. स्त्रियांतही मोठी घट झाली. रक्त तेच, थंडी तीच, जंगल तेच.

मग आपण काय करावे ? आपले ताट पाहा. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, चटणी, लोणचे, पापड, आणि कोशिंबीर. यांतील कोशिंबीर दुप्पट करावी आणि बाकीच्यांना सणावारी बोलवावे. वरून मीठ घेण्याची वाटीच ताटाजवळ ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा, आणि त्यातच फरसाण, बिस्किटे, पाव, खारी यांतले मीठही आले. आपल्या देशात सरासरी आठ ग्रॅमच्या घरात जाते. फोडणीत लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर यांचा हात मोकळा सोडला, तर मीठ कमी झालेले जिभेला फारसे कळत नाही. जीभ काही आठवड्यांत सरावते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी "पोटॅशियमचे मीठ" डॉक्टरांना विचारल्यावाचून आणू नये.

तेल मोजून आणावे. चौघांच्या घरात महिन्याला किती पिशव्या लागतात ते वहीत मांडले, म्हणजे हात आपोआप आवरतो. तळणीचे तेल पुन:पुन्हा तापवू नये. वनस्पती तुपातील अपायकारक चरबीवर सरकारने जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगले झाले. पण रस्त्यावरच्या कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे हे कोणताही कायदा सांगत नाही. उसळी, पालेभाज्या, ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणे हे आपले जुने अन्न क्रीटच्या शेतकऱ्याच्या अन्नाहून उणे नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि तूप यांनी ताट भरणे याला मात्र पथ्य म्हणू नये. रोज अर्धा तास भरभर चालावे. घरकामात दमणे आणि व्यायाम होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

औषधाविषयी एकच सांगते. रक्तदाब उतरला म्हणून गोळी बंद करू नये. तो गोळीमुळे उतरलेला असतो.

आणि प्रसंग आला तर वेळ दवडू नये. छातीवर दाब, दम लागणे, घाम, मळमळ, जबडा, पाठ किंवा हात दुखणे, एकाएकी विलक्षण थकवा, यांतले काही झाले, की बायका म्हणतात पित्त झाले, आणि ओवा चावून पडून राहतात. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची खूण. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळण्यात, दृष्ट काढण्यात, यजमान कामावरून येण्याची वाट पाहण्यात हे तास घालवू नका. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. 108 क्रमांकाला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

शेवटी मंडळाला एक विनंती. भिशीची वही आपण ठेवतोच. तशी एक दुसरी वही ठेवावी. मंडळाच्या पैशातून रक्तदाब मोजण्याचे एक चांगले यंत्र घ्यावे, एक टेप घ्यावी. महिन्याच्या सभेला प्रत्येकीने पाच मिनिटे शांत बसून आपला रक्तदाब मोजून घ्यावा आणि वहीत स्वतःच्या नावापुढे मांडावा. 140 वर 90 किंवा त्याहून अधिक आकडा पुन:पुन्हा आला, तर शेजारणीने हात धरून तिला डॉक्टरांकडे न्यावे. वहीत यजमानांचे नाव नको, मुलांचे नको. त्यांची काळजी आपण घेतोच. ही वही फक्त आपली असावी. आणि आपल्याकडे पोळ्या लाटायला, भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे नावही तिच्यात असू द्यावे. त्यांच्या रक्तदाबाची चौकशी करणारे कोणीच नसते.

फिनलंडच्या मार्थाबाई काही डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याजवळ चूल होती, शेजार होता आणि एकत्र जमण्याची सवय होती. या तिन्ही गोष्टी या मंडळाजवळ भरपूर आहेत. यंत्र आणण्याचे ठरलेच, तर पहिल्या महिन्याला मोजायला मी येईन, आणि वहीत पहिले नाव माझे घालीन.